आधी परवानगी, मग प्रश्नावली: मराठवाड्यात आरोग्य संशोधनाला सुरुवात करणाऱ्यांसाठी

दसरा आठ दिवसांवर आला होता. आमच्या विभागातली एक पीजी विद्यार्थिनी ११२ भरलेले फॉर्म घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. बीड जिल्ह्यातल्या दोन तांड्यांवर जाऊन तिनं ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची माहिती घेतली होती: हिमोग्लोबिन, बाळंतपणं, पाळीच्या दिवसांतलं काम, पिशवी (गर्भाशय) काढली असेल तर कोणत्या वर्षी. अक्षर नेटकं, एकही रकाना रिकामा नाही. पण एथिक्स कमिटीची, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीची, बैठक पुढच्या मंगळवारी होती. मंजुरीच्या आधी गोळा केलेली माहिती वापरता येत नाही, म्हणून ते ११२ फॉर्म बाजूला ठेवावे लागले. मंजुरीचं पत्र हातात आलं तोवर टोळ्या कारखान्यांवर निघून गेल्या होत्या, तांड्यावर म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं उरली होती. तिला विषय बदलावा लागला.

मी तिची गाईड होते. हे तिला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही. आणि मला जास्त लागलं ते त्या बायकांचं. नवऱ्यासमोरही बोलत नाहीत अशा गोष्टी त्यांनी एका अनोळखी मुलीला विश्वासानं सांगितल्या, आणि त्या कागदांचं काहीच झालं नाही.

त्यानंतर प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला मी जे सांगते ते इथं क्रमानं लिहिते आहे. एमबीबीएस, पीजी, नर्सिंग, बीएएमएस, एमएसडब्ल्यू करणारे, किंवा एखाद्या संस्थेत आरोग्यावर काम करणारे, सगळ्यांना ते लागू आहे.

पायरी १: आपलं काम कोणत्या खात्यात बसतं ते पाहा

स्वतःला एकच प्रश्न विचारा: मी माणसाकडून काही घेणार आहे का? रक्त, थुंकी, फोटो, मोजमाप, की नुसती उत्तरं? यातलं काहीही असलं तर एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. ‘आमचा तर साधा सर्व्हे आहे’ असं म्हणणारे दर वर्षी भेटतात. सर्व्हेलाही लागते.

एमआरडीतले (रुग्णालयाच्या नोंदी ठेवणाऱ्या विभागातले) जुने केसपेपर चाळायचे असतील तरी मंजुरी लागते, शिवाय रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांची वेगळी परवानगी. अशा कामात प्रत्येक जुन्या रुग्णाला शोधून त्याची संमती घेणं शक्य नसतं. तेव्हा संमतीतून सूट मागता येते, पण ती द्यायची की नाही हे कमिटी ठरवते.

आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं या सगळ्याचा पाया आहेत. त्यांत तपासणीच्या तीन वाटा दिल्या आहेत. सार्वजनिक आकडेवारीवरचं काम किंवा आधीच्या निबंधांचा आढावा तपासणीतून वगळला जाऊ शकतो. कमी जोखमीचं काम मोजके सदस्य लवकर तपासतात. बाकी सगळं पूर्ण बैठकीत जातं. नवी माणसं इथं एक चूक हमखास करतात: आपलं काम पहिल्या खात्यातलं आहे असं स्वतःच ठरवून मोकळी होतात. तो निर्णय कमिटीचा. अर्ज करायचा, सूट असल्याचं पत्र घ्यायचं आणि फाईलला लावायचं.

प्राण्यांवरच्या प्रयोगांची समिती वेगळी असते, तो विषय मी इथं घेत नाही.

पायरी २: तारखा उलट्या मोजा

आधी लोक कधी भेटणार ते पाहा आणि तिथून मागे मोजत या. मराठवाड्यात हे फार महत्त्वाचं आहे. ऊसतोडीच्या टोळ्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. जून-जुलैत पेरणी. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी, तेव्हा दिवसभर दारांना कड्या असतात. पोळा आणि महालक्ष्म्यांच्या आठवड्यात कुणाला बसवून तास-तास प्रश्न विचारू नयेत. म्हणजे गावात राहणाऱ्या ऊसतोड कुटुंबांचा अभ्यास करायचा तर मे महिना आणि पेरणीनंतरचा जुलै-ऑगस्ट, एवढाच काळ हाती उरतो.

काही कॉलेजांत कमिटी दर महिन्याला बसते, काही ठिकाणी दोन-तीन महिन्यांतून एकदा. पहिल्या बैठकीत दुरुस्त्या निघतात, त्या करून पुन्हा द्यायचं, मग पत्र निघतं. त्यानंतर जिल्हा परिषदेची परवानगी. मी विद्यार्थ्यांना सांगते की मे महिन्यात गावात जायचं असेल तर अर्ज डिसेंबर-जानेवारीत कमिटीकडे पोचलेला हवा. विद्यापीठाला सिनॉप्सिस, म्हणजे थीसिसचा थोडक्यात आराखडा, द्यायची तारीख वेगळी असते. सिनॉप्सिस स्वीकारला गेला म्हणजे मंजुरी मिळाली असं होत नाही.

पायरी ३: प्रश्नावली कुणाची आहे?

बहुतेकांना हा प्रश्न लेख छापायला पाठवताना पडतो, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. नेटवर पीडीएफ मिळाली म्हणजे ती वापरायची मुभा मिळाली असं नाही.

नैराश्य मोजायची पीएचक्यू-९ प्रश्नावली कुणीही परवानगीशिवाय वापरू शकतो, तसं तिच्या निर्मात्यांनीच जाहीर केलं आहे. वृद्धांच्या स्मरणशक्तीसाठीची एमएमएसई ही १९७५ची चाचणी अनेक जण मोफत समजून वापरतात. तिचे हक्क राखीव आहेत आणि ती विकत घ्यावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या जीवनमान प्रश्नावलीसाठी संघटनेकडे अर्ज करावा लागतो. गोळ्या नियमित घेतल्या जातात का हे मोजणाऱ्या मोरिस्की मापनश्रेणीला परवाना लागतो, आणि तो न घेता छापलेले निबंध नंतर मागे घ्यावे लागल्याची उदाहरणं आहेत. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या किती थीसिसमध्ये ही मापनश्रेणी दिसते ते पाहिलं की मला काळजी वाटते. बी. जी. प्रसाद यांचं १९६१चं आर्थिक-सामाजिक वर्गीकरण किंवा कुप्पुस्वामींचं वर्गीकरण मात्र संदर्भ देऊन सरसकट वापरलं जातं, त्याची चिंता नको.

मूळ लेखकाला ईमेल लिहायचा तर तो नेमका असावा. तुम्ही कोण, कोणत्या संस्थेत, अभ्यास कशाचा, किती लोकांवर, मराठी भाषांतर तयार आहे की तुम्ही करणार, प्रश्नावली थीसिसच्या परिशिष्टात छापणार का, या कामासाठी पैसे घेताय का. भाषांतराची परवानगी वेगळी मागा. वापरायला दिली म्हणजे मराठीत करायलाही दिली असं नसतं. दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा. तरीही उत्तर आलं नाही तर प्रश्नावली बदला. उत्तर न येणं म्हणजे होकार धरायचा नाही. ईमेल आला की त्याची छापील प्रत एथिक्सच्या अर्जाला जोडा.

पायरी ४: एथिक्स कमिटीकडे अर्ज

एवढ्या सह्या आणि कागद कशाला, असं नव्या मुलांना वाटतं. त्यांना मी अमेरिकेतल्या टस्कीगीची हकिकत सांगते. १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं, सिफिलिस झालेल्या गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर एक सरकारी अभ्यास चालला. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना दिलं नाही, आजार पुढे कसा जातो हे पाहायचं म्हणून. आपल्यावर उपचार चालले आहेत असं त्या माणसांना वाटत होतं. आपल्याकडेही ‘डॉक्टर म्हणतील तसं’ म्हणत माणूस समोर हात ठेवतो. तो हात धरण्याआधी तिसऱ्या कुणीतरी आपलं काम तपासलं पाहिजे, हे मला मनापासून पटतं.

आयसीएमआरच्या तत्त्वांनुसार कमिटीत ७ ते १५ सदस्य असतात. अध्यक्ष संस्थेबाहेरचे, सदस्य-सचिव संस्थेतले. डॉक्टर असतात, कायदा जाणणारी व्यक्ती असते, समाजशास्त्राचं कुणी असतं आणि सामान्य नागरिकांचा एक प्रतिनिधी असतो. बैठकीला किमान ५ जण लागतात. तुमचे गाईड स्वतः सदस्य असतील तर तुमच्या विषयाच्या वेळी त्यांनी बाहेर थांबायचं असतं. कमिटी केंद्र सरकारच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे ना, याची चौकशी आधी करा. औषधांच्या चाचण्यांसाठी ती केंद्रीय औषध नियंत्रकांकडेही नोंदलेली असावी लागते. मंजुरीपत्रावर नोंदणी क्रमांक असला की पुढे अडचण येत नाही.

अर्जात काय हवं याची यादी तुमच्या कमिटीच्या कार्यालयात मिळेल. साधारणपणे संशोधन आराखडा, प्रोफॉर्मा (माहिती भरायचा फॉर्म), मराठी आणि इंग्रजी माहितीपत्रक, संमतीपत्र, गाईडची सही, खर्च कोण करणार, आणि प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं लागतात. पीजीसाठी आयसीएमआरच्या चेन्नईच्या साथरोगशास्त्र संस्थेचा संशोधनाचा ऑनलाइन मूलभूत कोर्स आहेच, तो पहिल्या वर्षीच उरका.

कमिटीत मी काही वर्षं बसले आहे. तिथं अडकणारे अर्ज बहुधा शास्त्रामुळे अडकत नाहीत. एखाद्या बाईचं हिमोग्लोबिन ६, म्हणजे फारच कमी, निघालं तर तुम्ही काय करणार, हे लिहिलेलं नसतं. एखादीनं मारहाणीबद्दल सांगितलं तर तिला कुठं पाठवणार, हे लिहिलेलं नसतं. दिवसाची मजुरी बुडाली तर भरपाई देणार का आणि किती, हेही नसतं. मजुरीची आणि प्रवासाची वाजवी भरपाई देता येते, मात्र रक्कम अर्जात आधी लिहून मंजूर करून घ्यावी लागते. या तीन प्रश्नांची उत्तरं लिहून नेलीत तर अर्धी बैठक जिंकलीत.

तुमच्या संस्थेत कमिटीच नसेल, उदाहरणार्थ तुम्ही एखाद्या तालुक्याच्या गावी स्वयंसेवी संस्थेत काम करत असाल, तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या नोंदणीकृत कमिटीशी लेखी करार करून तिच्याकडे जाता येतं. औषधाची चाचणी असेल तर ती कमिटी त्याच शहरातली किंवा ५० किलोमीटरच्या आतली असावी, असा नव्या औषधांच्या आणि चाचण्यांच्या २०१९च्या केंद्रीय नियमांत दंडक आहे.

मंजुरीनंतर प्रश्न वाढवायचा असेल, गाव बदलायचं असेल, संख्या वाढवायची असेल, तर पुन्हा कमिटीकडे जा. तोंडी विचारून चालत नाही.

पायरी ५: माहितीपत्रक

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. बहुतेक माहितीपत्रकं इंग्रजीवरून उतरवलेली असतात आणि ती वाचून कुणाला काही कळत नाही. माझ्यापुढे नेहमी येणारा नमुना असा:

‘सदर अभ्यासात सहभागी होण्यास आपली हरकत नसल्यास आपण स्वेच्छेने संमती प्रदान करावी. आपल्या वैयक्तिक माहितीची गोपनीयता राखण्यात येईल.’

त्याऐवजी आम्ही हे लिहिलं:

‘मी सरकारी कॉलेजात डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घेते. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या अंगात रक्त किती आहे, हे मी बघते आहे. तुम्ही हो म्हणालात तर मी तुमच्याशी अर्धा तास बोलेन आणि हाताच्या शिरेतून चहाचा एक चमचा भरेल एवढं रक्त घेईन. सुई टोचताना दुखेल, कधी तिथं दोन दिवस काळं-निळं होतं. रक्त कमी निघालं तर आठ दिवसांत तुम्हाला येऊन सांगेन आणि आरोग्य केंद्रासाठी चिठ्ठी देईन. नाही म्हणालात तरी काही बिघडत नाही. दवाखान्यातला इलाज, रेशन, काहीच बंद होणार नाही. मधेच थांबावं वाटलं तर थांबा. कागदावर तुमचं नाव राहणार नाही, नंबर राहील. तुम्ही सांगितलेलं मी मुकादमाला किंवा घरच्यांना सांगणार नाही.’

पाच मिलिलिटर म्हणजे चहाचा एक चमचा. हे आधी सांगितलं नाही तर ‘बाटलीभर रक्त काढून नेतात’ ही बातमी संध्याकाळपर्यंत शेजारच्या गावात पोचते आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला कुणी दार उघडत नाही. दोन गटांपैकी एकात टाकायचं असेल तर ‘यादृच्छिक’ लिहू नका, ‘चिठ्ठी टाकून ठरवणार’ लिहा. ‘गर्भाशय’ ऐवजी ‘पिशवी’ लिहिलंत तर प्रश्न समजतो. भाषांतर दुसऱ्या कुणाकडून परत इंग्रजीत करून मूळाशी ताडून पाहा, म्हणजे अर्थ कुठं निसटला ते दिसतं.

मराठीत लिहिलं म्हणून मराठवाड्यात सगळ्यांना कळेल असंही नाही. तांड्यावर घरात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. छत्रपती संभाजीनगर, परभणी, नांदेडच्या अनेक मोहल्ल्यांत दखनी-उर्दू. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याच्या सीमेवर कन्नड. ज्या गावात जाणार तिथली बोली काय, हे आधी विचारून घ्या आणि त्या भाषेत वाचून दाखवणारी व्यक्ती कोण, ते अर्जात लिहा. ती व्यक्ती मुकादमाच्या, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराच्या, घरातली नको.

वाचता न येणाऱ्यांसाठी अंगठा आणि साक्षीदार. साक्षीदार तटस्थ हवा, म्हणजे तुमच्या चमूतला नको. आशाताईंनी घरं दाखवली असतील तर मी त्यांनाही साक्षीदार करत नाही. त्या आपल्या बाजूच्या आहेत असं समोरच्या बाईला वाटतं, आणि ते खरंही असतं. माहितीपत्रक सहभागी व्यक्तीकडेच राहिलं पाहिजे, त्यावर तुमचा आणि कमिटीच्या सचिवांचा फोन असला पाहिजे.

अठरा वर्षांखालच्यांसाठी आई-वडिलांची संमती लागते, आणि सात वर्षांवरच्या मुलाचा स्वतःचा होकारही. लहानांचा तोंडी, बारा वर्षांवरच्यांचा लेखी.

आता एक अवघड गोष्ट. आपल्या भागात बालविवाह होतात. सर्वेक्षणात सोळा वर्षांची गरोदर मुलगी समोर आली तर काय? पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार अल्पवयीन मुलीवरचा लैंगिक गुन्हा माहीत झाल्यावर कळवणं बंधनकारक आहे, आणि लग्न झालेलं असलं तरी ती कायद्यानं अल्पवयीनच. तुम्ही ‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन देऊन बसलात तर ते पाळता येणार नाही. म्हणून वय विचारण्याचा क्रम, वचनाचे शब्द आणि अशा वेळी कुणाला फोन करायचा हे कमिटीतल्या कायदेतज्ज्ञांशी आधी बोलून माहितीपत्रकात लिहा. गावात उभं राहून हा निर्णय घ्यायची वेळ कुणावर येऊ नये.

पायरी ६: कार्यालयांच्या परवानग्या

प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र, आशा, आरोग्य सेविका यांच्याशी काम असेल तर जिल्हा परिषदेतल्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे अर्ज. जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय किंवा ग्रामीण रुग्णालय असेल तर जिल्हा शल्य चिकित्सकांकडे. या दोन कार्यालयांत नवखे लोक नेहमी गल्लत करतात आणि आठवडा वाया जातो. शहरात महापालिकेचे आरोग्य अधिकारी. शाळेसाठी शिक्षणाधिकारी आणि मग मुख्याध्यापक, अंगणवाडीसाठी बालविकास प्रकल्प अधिकारी.

अर्ज एका पानाचा असावा. विषय, कोणती गावं, कोणत्या तारखा, कर्मचाऱ्यांकडून नेमकी काय मदत हवी, रक्त घेणार का, निष्कर्ष कार्यालयाला कधी देणार. सोबत एथिक्सचं पत्र आणि कॉलेजच्या अधिष्ठात्यांचं पत्र. खाली ‘प्रत माहितीस्तव: तालुका आरोग्य अधिकारी, वैद्यकीय अधिकारी’ लिहा. अर्ज आवकमध्ये (टपाल स्वीकारणाऱ्या टेबलावर) देऊन आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. तो क्रमांक असला की पुढच्या वेळी कुठल्या टेबलावर फाईल आहे ते विचारता येतं. सोमवारी आणि बैठकांच्या दिवशी साहेब भेटत नाहीत, इतर दिवशी दुपारनंतर जा.

परवानगी मिळाली की गावात जाण्याआधी सरपंचांना आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) भेटा. कायद्यानं ते लागतं म्हणून नव्हे, पाहुण्यानं घरात येण्याआधी सांगावं म्हणून.

पायरी ७: मुकादमानं हो म्हटलं, पुढे काय?

काही नाही. मुकादमाचा होकार म्हणजे तुम्हाला फडावर किंवा खोपीपर्यंत जाता येईल, एवढंच. टोळीतल्या प्रत्येक बाईला स्वतंत्र विचारायचं आहे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्यांनी मिळून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत मुकादमाला दुखवणं त्यांना परवडत नाही. तो शेजारी उभा असताना मिळालेली सही मी संमती मानत नाही. नवऱ्यानं ‘लिहा, लिहा, ती सांगेल’ म्हटलं तरी तिला विचारा. बोलण्यासाठी जागा शोधा, पाणी भरायच्या वेळी, अंगणवाडीच्या खोलीत, शक्यतो बाईनंच बाईशी.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. तेव्हापासून या तांड्यांवर विचारायला येणाऱ्यांची वाण नाही. ‘मागच्या वेळीपण असंच लिहून नेलं’ हे वाक्य तुम्हाला ऐकू येईल. वाद घालू नका. नाही म्हटलं तर ‘बरं ताई’ म्हणून उठा, आणि नकारांची संख्या प्रामाणिकपणे लिहून ठेवा, निबंधात ती द्यायची असते.

पायरी ८: औषध, उपचार किंवा परदेशी भागीदार असेल तर

कोणताही उपचार देऊन परिणाम पाहणार असाल, मग ते भूल देण्याच्या दोन पद्धतींची तुलना असो की योगासनं, सीटीआरआयवर, म्हणजे अशा चाचण्यांच्या राष्ट्रीय ऑनलाइन नोंदवहीत, नोंदणी करा. ती मोफत आहे. १५ जून २००९ पासून ती बंधनकारक झाली आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याच्या आधीच करावी लागते. नंतर करू म्हणाल तर दार बंद असतं. एथिक्सचं पत्र अपलोड करावं लागतं आणि तपासनीस शंका विचारतात, त्यात काही आठवडे जातात.

मान्यताप्राप्त औषधाचा नवा उपयोग किंवा मात्रा केवळ शैक्षणिक कामासाठी तपासत असाल तर २०१९च्या नियमांत केंद्रीय परवानगीतून सूट आहे, पण कमिटीची मंजुरी आणि औषध नियंत्रकांना कळवण्याचा भाग सुटत नाही. परदेशी निधी किंवा परदेशी संशोधक असतील तर आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडे जावं लागतं. त्यासाठी अनुभवी माणसाचा हात धरा.

पायरी ९: छापायला पाठवताना

संपादक पहिल्यांदा एथिक्सच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख पाहतात, मग माहिती गोळा करायला कधी सुरुवात केली ती तारीख. दुसरी तारीख आधीची असेल तर निबंध तिथंच थांबतो.

एखाद्या रुग्णाची केस छापायची असेल तर उपचारासाठी दिलेली संमती पुरत नाही. छापण्याची वेगळी लेखी संमती हवी, आणि ती डिस्चार्जच्या आधी घ्या. किनवट-माहूरकडून नांदेडला आलेला माणूस घरी गेला की सहा महिन्यांनी त्याला शोधणं सोपं नसतं. फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी लावली की झालं, हा समज जुना आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती ती पट्टी अपुरी मानते. एक्स-रेच्या कोपऱ्यातलं नाव पुसा. आणि ‘अमुक तालुक्यातल्या अमुक समाजाची, चौथ्या जुळ्या बाळंतपणाची, बत्तीस वर्षांची बाई’ असं लिहिलंत तर नाव न देताही अख्खं गाव तिला ओळखेल. तालुका गाळा, वयोगट लिहा.

दुसऱ्याची आकृती किंवा तक्ता घ्यायचा असेल तर हक्क बहुधा लेखकाकडे नसून प्रकाशकाकडे असतात. लेखाच्या पानावरच परवानगीचा दुवा असतो, तिथं थीसिससाठी की नियतकालिकासाठी हे नीट निवडा, दोन्हींची परवानगी वेगळी. चित्र हातानं पुन्हा काढलं तरी ते त्यावरून बेतलेलंच राहतं. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी-बाय परवान्यात श्रेय दिलं की पुरतं, पण त्यात ‘एनसी’ (व्यावसायिक वापर नको) किंवा ‘एनडी’ (बदल नको) अक्षरं असतील तर अटी वाचा. आकड्यांवर कुणाचा हक्क नसतो, त्यामुळे मूळ आकडे घेऊन, संदर्भ देऊन, स्वतःचा तक्ता करणं सगळ्यात सरळ. स्वतःच्याच जुन्या निबंधातली आकृती वापरतानाही तपासा. तेव्हा हक्क प्रकाशकाला लिहून दिले असतील तर तुम्हालाही परवानगी मागावी लागेल.

सहलेखकांच्या नावांचा विषय नाजूक असतो, पण टाळू नका. ज्यांचं नाव जाणार त्या प्रत्येकानं अंतिम मसुदा वाचून ईमेलनं होकार द्यायला हवा. काम न करता नाव घालणं आणि काम करूनही गाळणं, दोन्ही चूक. ऋणनिर्देशात नाव घालायचं तर त्या व्यक्तीचीही लेखी परवानगी घ्या, कारण नाव छापलं की त्यांचा तुमच्या निष्कर्षांना पाठिंबा आहे असा अर्थ निघतो. आशाताईंचं नाव कौतुकानं घालावंसं वाटतं, पण त्यावरून गाव ओळखता येतं. त्यांना विचारा.

पायरी १०: काम संपल्यावर

कमिटीला समाप्तीचा अहवाल द्या. संमतीपत्रं आणि फॉर्म किमान ३ वर्षं कुलूपबंद ठेवा, औषधाच्या चाचणीत ५ वर्षं. नाव आणि नंबर जोडणारी वही वेगळ्या कपाटात. बदली झाली किंवा पीजी संपलं तर हा गठ्ठा विभागात लेखी सोपवा, घरी नेऊ नका.

निष्कर्षांची दोन पानं मराठीत लिहून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्या. आणि टोळ्या निघण्याच्या आधी एका संध्याकाळी तांड्यावर जाऊन, जिथं बसून विचारलं होतं तिथंच बसून, काय सापडलं ते सांगून या. ज्यांचं रक्त कमी होतं त्यांच्यापाशी गोळ्या पोचल्या का, हे त्याच फेरीत विचारा. पोचल्या नसतील तर त्यांची यादी घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी आरोग्य केंद्रात जा.